चांदीला खारं पाणी

रविवार, ६ सप्टेंबर १९९८

आज दुकानातल्या बूथवरून फोन एका झटक्यात लागला. वसतिगृहाच्या दाराशी एक म्हातारी बसते, ती उचलते आणि उचलल्या उचलल्या भांडायला लागते. पोरगी तिकडं जाऊन वर्ष झालं, त्यांच्या भाषेतला मला एकच शब्द आला. पझालस्ता. म्हणजे मेहरबानी करा. 'वर्षा, पझालस्ता!' म्हटलं की म्हातारी जिन्यात तोंड घालून अशी ओरडते, की फोन नसता तरी पाटोद्यात ऐकू यावं.

गाव म्हणतं, सोमलिंगअप्पाची पोरगी रशियात डॉक्टरकी शिकते. तो देश फुटला, आता त्याचं नाव युक्रेन, गावाचं नाव सिम्फरोपोल, हे सांगून मी थकलो. आता मीही रशियाच म्हणतो.

वर्षाराणीनं परवानगी मागितली. कॉलेजातली आपल्याकडची पोरं-पोरी मिळून पुढच्या रविवारी बस करून समुद्रावर चाललीत. सकाळी जायचं, अंधार पडायच्या आत परत. मी समुद्र पाहिलेला नाही. पालीजवळ बिंदुसरेचं धरण भरलेलं पाहिलंय, त्याच्यापुढं माझी अक्कल चालत नाही. नको म्हणणार होतो. पण सायकलवर भांडी बांधून आष्टीच्या बाजारात बसणाऱ्या माणसाची पोरगी समुद्र बघते म्हणते, तिला नको कुठल्या तोंडानं म्हणू? जा म्हणालो.

बायकोनं, नीलाबाईनं, रिसीव्हर ओढून घेतला. तिचं दर वेळचं ठरलेलं. "जेवतीस का? अन् गळ्यातलं जप बरं माय. हरवलं तर काय करावं लागतं, सांगितलंय ना तुला?"

तिनं पोरीला जायच्या आदल्या दिवशी जवळ बसवून सांगितलं होतं. आमच्या लिंगायतांत जन्मल्यावर गळ्यात लिंग येतं ते मातीत सोबत जातं. पूर्वी एका बाईचं लिंग नदीत पडलं, तर तिनं अन्न वर्ज्य केलं आणि त्यातच गेली, अशी ती गोष्ट. खरी का खोटी देव जाणे. पण नीलाबाई ती अशी सांगते की ऐकणाऱ्याचा हात आपोआप गळ्याकडं जातो.

ती घराकडं निघाल्यावर मी हळूच माझ्या धंद्यातली अक्कल शिकवली. लिंगाची करडगी, म्हणजे ते डबीसारखं घर, मी शुद्ध चांदीचं करून घातलंय. म्हणालो, "चांदीला खारं पाणी लागू देऊ नको. काळी पडते, मग उजळत न्हाई. पाण्यात जायच्या आधी उतरव, रुमालात बांध, कोरड्या जागी ठेव. घटकाभर उतरवलं तर देव रागावत न्हाई. चांदी रागावते."

पोरगी हसली. "बरं अप्पा."

मागून एक आवाज आला. पोराचा. मराठी. "वर्षा, चल लवकर! बसवाला बयाण्यासाठी थांबलाय."

वर्षा कोण लागते रे तुझी? राणी म्हण, ताई म्हण, पुरं नाव घे.

रविवार, १३ सप्टेंबर

आज पोरगी समुद्रावर. मी दुकानात.

प्लास्टिकच्या घागरी येऊ लागल्यापासून पितळेला गिऱ्हाईक कमी. तरी आज धुळाजी पाटलाच्या घरून लग्नाचा हंडा घ्यायला आले. मी प्रत्येक हंडा टिचकी मारून दिला. चांगलं भांडं खणकन बोलतं आणि बोलत राहतं. केसाएवढी चीर असली तर डोळ्याला दिसत नाही, पण वाजतं बद्द. ह्या कानावर मी दुकान उभं केलं. एसटीडीचा बूथ काढला तेव्हा कचरू कंडक्टर म्हणाला होता, "बे, तुझ्या कानाला आता सरकारी तारच जोडली की."

बूथच्या काचेतून बोलणं ऐकू येतं, त्याला मी काय करू? कान झाकून धंदा होत नाही.

सोमवार, १४ सप्टेंबर

राहवलं नाही म्हणून ठरलेला वार नसताना फोन केला. परत आली, सुखरूप आहे. देवाची कृपा.

पण आवाज बद्द.

"कसा होता समुद्र?"

"चांगला होता अप्पा."

"मग आवाज कावून असा?"

 मग म्हणाली, "बूट वाहून गेले. खडकावर ठेवले होते. एक लाट अशी आली, की वरपर्यंत…" आणि रडायला लागली.

मी म्हणालो, "अगं बुटासाठी कोण रडतं? दुसरे घे. चांगले घे. बापानं दुकान कशाला टाकलंय?"

त्यावर ती जास्तच रडली. मला काही उमगेना. लहानपणी एकदा हिची चप्पल विंचरणेच्या पुरात गेली होती, तर टाळ्या पिटत घरी आली होती.

मग नाक ओढत विचारते, "अप्पा, विश्वेश्वर स्वामी कपिलधारलाच असतात ना? त्यांना कुणाला काही विचारायचं असलं, तर…"

"काय विचारायचं?"

"काही नाही. आईला मी रडले सांगू नका."

विश्वेश्वर स्वामी आमचे गुरू. त्यांच्याकडं माणूस तीन कामाला जातो. पोराला लिंग बांधायला, मढ्याला माती द्यायला आणि लग्न लावायला. पोर नाही, मढं नाही. मग राहिलं काय?

आणि मागून तोच आवाज पुन्हा. दबका. "सांगितलंस का?"

काय सांगायचंय रे बाबा?

शुक्रवार, १८ सप्टेंबर

चार दिवस लिहिलं नाही. लिहायला हात होत नव्हता, डोकं मात्र चालू होतं. नीलाबाईला काही बोललो नाही. तिचा जीव घाबरा.

मी जातीचा वाणी, हिशेबाला पक्का. बूट गेले हा बहाणा. समुद्रावर काहीतरी बोलणं झालं. शब्द दिला-घेतला. आता पोरीला पडलंय, बापाला कसं सांगू. आवाज पोराचा मराठी आहे, एवढी तरी मेहरबानी.

रविवार, २० सप्टेंबर

आज वर्षा फोनवर आलीच नाही. तिच्या खोलीतली शिवानी आली. सोलापूरची पोरगी, बोलायला फटकळ. "काका, झोपलीय ती. उठवू का?"

"दुपारी झोपली? बरं न्हाई का?"

"बरी आहे. म्हणजे… काका, ती जेवत नाही. दूध पिते, एखादं सफरचंद खाते. परवा वर्गात चक्कर आली. मी सांगितलं म्हणून सांगू नका. तुम्ही तिला रागावलात का?"

मी कुठं रागावलो? मी तर बूट घे म्हणालो.

अन्नपाणी सोडलंय. पोरगी आपल्याला धाक घालते आहे. लग्न करून द्या नाहीतर उपाशी मरते, असं. शिकलेल्या पोरी असं करतात हे ऐकून होतो. पण वर्षाचा तो स्वभाव नाही. का स्वभाव समुद्रावर बदलतो?

पहिल्यांदा भीती वाटली. लग्नाची नाही. चक्कर आली, त्याची.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

तो पोरगाच घरी आला!

दुपारी दुकानासमोर एसटी थांबली आणि एक लांब, सावळा पोरगा पिशवी घेऊन उतरला. "सोमलिंगकाका? मी वीरेश. लातूरचा. वर्षाच्या कॉलेजात एक वर्ष पुढं आहे." तोंड उघडलं आणि मी ओळखलं. हाच तो. वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून घाईनं आला होता, पुढच्या आठवड्यात परत जाणार. वर्षानं फोटो पाठवलेत म्हणे.

लातूरहून पाटोद्याला वाकडी वाट करून फोटो द्यायला कोण येतं?

घरी नेलं. नीलाबाईनं पाट मांडला. पोरगा हातपाय धुऊन आला, सदऱ्यातून लिंग काढलं, डाव्या तळहातावर घेऊन विभूती लावली, डोळे मिटून बसला. जंगमाचा, म्हणजे आमच्यातल्या गुरुघराण्यातला, पोरगा निघाला. मी मनात म्हटलं, वर्षा, निवड तर नाव ठेवण्यासारखी नाही.

नीलाबाई भाकरी वाढताना त्याच्या गळ्याकडं बघत होती. सहज विचारावं तसं विचारलं, "आमची वर्षा करते का रे रोज पूजा?"

पोराचा घास हातातच राहिला. "करते की काकू."

बद्द!

मी म्हणालो, "काय सांगायचं असेल तर सांग बाबा. घर तुझंच हाय." म्हटलं, वाट मोकळी करून द्यावी.

त्याच्या कपाळावर घाम आला. "काका, मला शपथ घातलीय तिनं. ती स्वतःच सांगेल." आणि उरलेली भाकरी न चावता गिळली.

जाताना दोघांच्याही पाया पडला. नीलाबाईच्या जास्त वेळ.

संध्याकाळी फोटो बघितले. याल्टा म्हणून गाव आहे. खडकाच्या टोकावर किल्ल्यासारखं घर, खाली पाणी. पाणी खरोखर संपत नाही. पहिल्या फोटोत पोरगी बसजवळ हसते आहे, गळ्यात करडगीचा काळा दोरा, पायात ते बूट. हा वीरेश दोन माणसं सोडून उभा. बाकीच्या फोटोंत तो जवळ जवळ येत गेलाय, आणि शेवटच्यात तर अगदी बाजूला, तिच्याकडं बघतोय. मी भिंग घेऊन बघितलं. हात लावलेला नाही. पोरगी अनवाणी, तोंड उतरलेलं आणि ओढणी मुठीत धरून गळ्याशी आवळलेली. वारा असेल. थंड मुलूख.

नीलाबाईनं फोटो एकदाच बघितले. पहिला आणि शेवटचा. दोन्ही शेजारी ठेवले, पालथे घातले आणि उठून आत गेली. तिलाही पोरगा दिसला असणार.

मंगळवार, २९ सप्टेंबर

नीलाबाई माझ्याशी तुटक बोलते. आणि जेवत नाही. विचारलं तर म्हणते, नवरात्र हाय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हिनं कधी नवरात्र धरलं नाही. दूध पिते. देवघरात तासन्‌तास.

घरात दोन बायका, एक इथं, एक समुद्रापलीकडं, दोघी दुधावर. मधे मी, एकटाच भाकरी मोडतो.

कचरूला सगळं सांगितलं. एसटीत तीस वर्षं घंटी ओढलेला माणूस, त्याला माणसं कळतात. त्याची पंचशीला बीडला नर्सिंगला आहे, म्हणजे पोरीचा बाप तोही. त्यानं बिडी विझवली.

"बे सोमलिंग, तू पोरीला इचारलं का?"

"काय?"

"का जेवत न्हाईस म्हून."

"उघड हाय ना कारण."

"तुला उघड हाय. साऱ्या तालुक्याची बोलणी चोरून ऐकतोस, अन् घरच्या बाईला एक सवाल टाकता येईना? अन् लगीन म्हणतोस तर लगीन. पोरगी उपाशी मेल्यावर कुणाचं लावशील?"

रागानं उठून आलो. वाटेत राग उतरला. खरं बोलला.

ठरवलं. जंगम तर जंगम. पोरगी जगली पाहिजे, शिकली पाहिजे. परवा दसरा. कपिलधारला जातो, स्वामींच्या पायावर सगळं घालतो आणि त्यांच्याच तोंडून हो म्हणवून घेतो. मग फोन करून सांगतो, जेव बाई, तुझ्या मनासारखं झालं.

हे लिहिलं आणि आठवड्यात पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

गुरुवार, १ ऑक्टोबर. दसरा

काय दिवस हा! सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी उठलो तर नीलाबाई घरात नाही. शेजारच्या तुळजाबाई म्हणाल्या, पहिल्या गाडीनं बीडकडं गेली. मी पुढची गाडी धरली. मांजरसुंब्याला उतरलो, तिथून जीपनं कपिलधार. पावसाळा सरतीला आल्यानं धबधबा अजून भरून वाहत होता. स्वामी ओवरीत बसलेले. आणि त्यांच्यासमोर माझी बायको.

मला वाटलं, चला, दोघांच्या मनात एकच आलं. मी पायावर डोकं ठेवलं आणि एका दमात बोललो, "स्वामीजी, पोरगा जंगमाचा हाय, आमी वाणी. पण पोरगी अन्न सोडून बसली. तुमी हो म्हणा. लग्न शिक्षण झाल्यावर करू, पण शब्द आज देऊन टाकू."

स्वामी माझ्याकडं बघत राहिले. "कुणाचं लग्न?"

"वर्षाचं. अन् त्या वीरेशचं."

नीलाबाईनं पदर तोंडावर धरला. मला वाटलं रडते. ती हसत होती. हसता हसता रडायला लागली.

"अहो," म्हणाली, "लगीन कुठलं काढलं तुमी? पोरीचं लिंग गेलं. समुद्रात."

मी तिथंच बसलो. 

"तुला कुणी सांगितलं?"

"फोटोनं. जाताना गळ्यात दोरा हाय, येताना गळा ओढणीत लपवलेला. जाताना बूट हायेत, येताना न्हाईत. बुटात ठेवलं असणार, दुसरं काय? तुमाला कसं दिसलं न्हाई?"

मी पोराकडं बघत होतो. भिंग घेऊन.

"मला कावून सांगितलं न्हाई?"

तिनं स्वामींकडं बघितलं. स्वामीच म्हणाले, "सांग बाई."

"त्या दिशी फोनवर तुमी म्हणालात ना, चांदीला खारं पाणी लागू देऊ नको, उतरवून ठेव. मी दारातच होते. तुमाला कळलं असतं तर तुमच्या जिवाला लागलं असतं. अन् माझं तरी काय? ती उपाशी मेलेल्या बाईची गोष्ट मीच घातली तिच्या कानात. तुमी काढायला लावलं, मी जेवण सोडायला लावलं. म्हटलं, ती जेवत न्हाई तोवर आपुनबी न्हाई."

पंचवीस वर्षं ह्या बाईचा आवाज मी ऐकतोय. भांडी घासताना, भांडताना, हसताना. आठ दिवस ती अशी वाजत होती आणि मला वाटलं नवरात्र आहे.

पण खरं लिहितो. ह्या डायरीत खोटं लिहून काय मिळणार? पहिल्यांदा मनात आलं ते, लग्न नाही! पोरगी कुठं गुंतली नाही! एवढं हलकं वाटलं की हसू फुटायला लागलं. दुसऱ्या क्षणी तिची चक्कर आठवली आणि हसू तिथंच मेलं.

"स्वामीजी, आता?"

विश्वेश्वर स्वामी बोलायला सावकाश. त्यांनी विभूतीचा गोळा चोळत विचारलं, "पूजा करताना लिंग कुठं घेतो आपण?"

"डाव्या तळहातावर."

"तळहात गेला का तिचा समुद्रात?"

"न्हाई."

"मग? नवं लिंग पोचेपर्यंत तळहाताची पूजा करावी आणि पोटभर जेवावं. गेलं ते पाण्याकडून आलं होतं, पाण्याकडं गेलं. ती गोष्ट मीही लहानपणी ऐकलीय, बाई. भीती घालायला बरी असते. डॉक्टरकी शिकायला गेलेल्या पोरीनं चक्कर येऊन पडायचं, हे कुठल्या देवाला आवडेल?" मग नीलाबाईला म्हणाले, "तू आधी प्रसाद घे. उठ."

तिनं माझ्या ताटातली आमटी घेतली. दोन भाकरी खाल्ल्या. मी मोजल्या नाहीत, पण दोन होत्या.

संध्याकाळी दुकान उघडून फोन लावला. म्हातारी भांडली. पोरगी आली. मी म्हणालो, "वर्षा, बुटात काय होतं ते कळलंय मला."

तिला बोलू न देता पुढं म्हणालो,

"चांदीचं मी सांगितलं होतं. माझ्या तोंडून गेलं ते. तू जेव." स्वामींचा निरोप सांगितला, तळहाताचा, अक्षरन्‌अक्षर.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अप्पा, हे स्वामीजी खरंच म्हणाले, का तुम्ही मला गिऱ्हाईकासारखं पटवताय?"

बघा! आयुष्यभर बोलून माल खपवला, त्याची ही किंमत. घरच्या पोरीला बापाचा खरा शब्द खपेना.

"खरंच म्हणाले गं. शपथ."

"तुम्ही गिऱ्हाईकालाही शपथच घालता."

शेवटी सौदा झाला. दूध आणि पाव दोन्ही वेळ खायचं. स्वामींचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला की पोटभर. माझीच पोरगी.

शनिवार, ३ ऑक्टोबर

लातूरला जाऊन आलो. स्वामींनी पूजा करून दिलेलं लिंग आणि नवी करडगी वीरेशच्या हातात ठेवली. ह्या वेळी दोरा दुहेरी.

पोराचा चेहरा असा उजळला, जणू त्याचंच हरवलेलं सापडलं. "काका, तुमच्या घरी जेवताना माझा जीव जात होता. त्या दिवशी मी बस सुटेपर्यंत खडकांत शोधत होतो. एक बूट सापडला. नेमका दुसऱ्या पायाचा, रिकामा."

म्हणून शेवटच्या फोटोत तो तिच्या बाजूला होता. शोधत होता.

नव्या लिंगासोबत गुरूचा मंत्र लागतो; लिंग घ्यायला गेलो तेव्हा स्वामी तो लिहून द्यायला तयार नव्हते. म्हणाले, रिकाम्या हाताला मंत्र नको, लिंग पोचू दे. मंत्र गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जातो, चिठ्ठीत नाही.

मी विचारलं, "स्वामीजी, कान तिकडं, तोंड इकडं. कसं करायचं?"

ते म्हणाले, "तुझ्या दुकानात ते यंत्र कशाला आहे?"

रविवार, ११ ऑक्टोबर

सकाळी दुकान झाडलं, बूथ पाण्यानं पुसला. आतल्या हीरो-हिरोइनींची चित्रं काढून टाकली. स्टूल धुऊन त्यावर धाबळी अंथरली. स्वामी पहिल्या गाडीनं आले. बाहेर हा गोतावळा जमला. आष्टीच्या मुकादमाला ऊसतोडीच्या टोळीसाठी कोल्हापूरला फोन लावायचा होता. त्याला म्हणालो, थांब बाबा, आतमध्ये दीक्षा चाललीय. त्यानं चप्पल काढली.

म्हातारीला म्हणालो, "वर्षा, पझालस्ता." आज भांडली नाही. वीरेशनं तिला काय सांगून ठेवलं होतं कुणास ठाऊक.

पोरगी आली. "अप्पा, अंघोळ करून बसलेय. डाव्या हातावर घेतलंय. शिवानीनं रिसीव्हर धरलाय कानाशी."

रिसीव्हर स्वामींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा धरला. सुलटा करून दिला. आधी त्यांनी तळहाताचं सगळं तिला स्वतः सांगितलं, माझ्यासमोर, शब्द न्‌ शब्द तोच. मी नीलाबाईकडं बघितलं, जणू मीच खरा ठरलो. मग स्वामींनी माझ्याकडं पाहिलं.

मंत्र काय तो साऱ्या गावाला पाठ आहे. देवळावर रंगानं लिहिलेला आहे. पण गुरू कानात देतो तेव्हा तो त्या एका कानाचा असतो. तिसऱ्यानं ऐकायचा नसतो.

बूथाचं दार लोटलं. पण ती काच माझी आहे, तिच्यातून काय काय ऐकू येतं ते मला ठाऊक. म्हणून रस्त्यावर गेलो. तिथंही माझ्या कानांचा भरवसा वाटेना. शेवटी दोन्ही बोटं कानांत घालून, दुकानाकडं पाठ करून, भर बाजारात उभा राहिलो.

कचरू आला. त्याचे ओठ हलताना दिसले. एक बोट काढलं.

"कावून बे, कान गच्च करून उभा हायस?"

"पोरीचा फोन चालू हाय."

"मग आत जाऊन ऐक की! तुझाच धंदा."

"ह्या खेपेला न्हाई," म्हणालो आणि बोट परत घातलं.

तो हसला नाही. माझ्याशेजारी उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हातानं गप्प करत राहिला, गाडीत घंटी ओढायचा तसा. एक ट्रॅक्टर आला, त्याला थांबवला. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. काय चाललंय कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण पाटोद्याचा रस्ता तेवढा वेळ गप्प होता. मला तो गप्पपणा बोटांतून कळला.

नीलाबाईनं दंडाला हात लावला तेव्हा वळलो. स्वामी बाहेर आले होते, कपाळाचा घाम पुसत. "कान चांगला आहे पोरीचा," म्हणाले. "बापावर गेलाय."

"अन् स्वामीजी," नीलाबाई हळूच, "तो जंगमाचा पोरगा… तुमाला कसा वाटला?"

"बाई, तिला आधी डॉक्टर होऊ दे."

मी रिसीव्हर घेतला. मीटरचे लाल आकडे पळत होते, पळू दिले.

"अप्पा," पोरगी म्हणाली, "ऐकलं."

खणकन. टिचकी न मारता. आणि ते वाजत राहिलं.

"मग आता?"

"आता जेवू?"

एवढं विचारायला तिला महिना लागला. मी मान हलवली, ती नीलाबाईला दिसली, पोरीला कशी दिसणार? नीलाबाईच मागून ओरडली, "जेव गं माय!"

फोन ठेवायच्या आधी तिकडं रिसीव्हर अर्धवट खाली आला असावा. कारण ती मला बोलत नव्हती, लांबून बोलत होती, चालता चालता, "शिवानी, बटाटे किती उकडलेस? आणखी चार टाक."

हे मात्र मी सगळं ऐकलं.